मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमधलं ‘रीड अलाउड’: मराठी ऐकायला कसं आहे?

‘रीड अलाउड’ म्हणजे पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय. पान उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबा, वाचन सुरू. आवाजाच्या पर्यायांत मराठीचे दोन आहेत, आरोही आणि मनोहर. दोन्ही ऐकायला खरंच गोड, जोडाक्षरंही स्वच्छ. मात्र ते इंटरनेटवरून येतात. नेट गेलं की वाचन अडतं. हिंदी आवाज निवडलेला राहिला तर ‘ळ’ आणि ‘चमचा’तला ‘च’ हमखास बिघडतो, म्हणून आधी आवाज तपासा.

खरी अडचण जुन्या मराठी पीडीएफची. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, नसेल तर निरर्थक अक्षरं ऐकू येतात. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे देवनागरी दिसली नाही, तर आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. स्कॅन केलेल्या पानांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, लागतंच.