हॅपी एंड: तीन अल्बमांचा बँड, काही महिने सलग ऐकल्यानंतर

जुनं जपानी रॉक ऐकायला घेतलं की 'हॅपी एंड'चं नाव लवकरच कानावर येतं, आणि बहुतेक जण 'काझे ओ आत्सुमेते' हे एक गाणं ऐकून तिथेच थांबतात. २००३ च्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या चित्रपटामुळे ते जगभर पोचलं. गाणं सुंदरच आहे, पण त्यावरून बँडचा अंदाज बांधू नका. त्यात गायक एईची ओताकी नाहीत आणि गिटारवादक शिगेरु सुझुकीही नाहीत. आवाज, गिटार, बेस, ऑर्गन सगळं हारुओमी होसोनोंचं, आणि ड्रम ताकाशी मात्सुमोतोंचे. म्हणजे अर्धाच बँड. पूर्ण बँड ऐकायचा तर तिन्ही स्टुडिओ अल्बम क्रमाने लावायचे. तिन्ही मिळून दोन तासही होत नाहीत.

होसोनो आणि मात्सुमोतो आधी 'एप्रिल फूल' या बँडमध्ये होते. १९६९ मध्ये एक अल्बम काढून तो मोडला आणि त्याच वर्षी ही चौकडी जमली. पहिला अल्बम ऑगस्ट १९७० चा, दुसरा नोव्हेंबर १९७१ चा. ३१ डिसेंबर १९७२ ला बँड संपला, आणि तिसरा अल्बम फेब्रुवारी १९७३ मध्ये दुकानात आला तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता.

खरेदी करताना किंवा शोधताना इथेच पहिला घोळ होतो. पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही अल्बमांचं नाव 'हॅपी एंड'च. पहिल्यावर ते जपानी हिरागाना लिपीत आहे, तिसऱ्यावर रोमन लिपीत. नुसत्या नावावर विसंबू नका, वर्ष आणि गाण्यांची संख्या बघा: १९७० चा म्हणजे ११ गाणी, १९७३ चा म्हणजे ९. पहिल्याच्या मुखपृष्ठावरच्या चित्रात नूडल्सच्या दुकानाची पाटी आहे, त्यावरून जपानी श्रोते त्याला 'युदेमेन' म्हणतात. विक्रेत्यांच्या यादीतही हे टोपणनाव सापडतं.

पहिला अल्बम पहिल्या फटक्यात आवडेलच असं नाही. गिटार जड, आवाज किंचित दबलेला, बफेलो स्प्रिंगफील्ड आणि मोबी ग्रेप या अमेरिकन बँडांची छाप उघड. पण त्या काळी वाद काय चालला होता ते कळलं की हाच अल्बम वेगळा वाटू लागतो. रॉक जपानी भाषेत गाता येतं का, यावर १९७० आणि ७१ मध्ये तिथल्या मासिकांत जाहीर चर्चा झडल्या. 'फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड' हा इंग्रजीत गाणारा जपानी बँड उभा करणारे यूया उचिदा इंग्रजीच्या बाजूचे होते. बाहेरच्या जगात जायचं तर इंग्रजी हवी, आणि जपानी शब्द रॉकच्या तालावर बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

अडचण खोटी नव्हती. जपानीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच वेळ मिळतो, दीर्घ स्वराला दोन मात्रा जातात आणि सुटा 'न्' स्वतःची वेगळी मात्रा घेतो. मात्रावृत्तातल्या कविता म्हटलेल्या माणसाला हे चटकन समजेल. 'नात्सु नान्देसु' हे दुसऱ्या अल्बममधलं गाणं घ्या: ना, त्सु, ना, न्, दे, सु, अशा सहा मात्रा. इंग्रजीत एका ठोक्यात संपणारा शब्द इथे तीन-चार ठोके खातो आणि ओळ तालाबाहेर सांडते. मात्सुमोतो स्वतः ड्रमर, त्यामुळे त्यांनी गीतं रोजच्या बोलण्यातल्या छोट्या, तुटक ओळींत लिहिली. ओताकींनी पुढचं काम केलं: शब्द अर्थाप्रमाणे न तोडता तालाप्रमाणे तोडला, एखादं अक्षर ताणलं, उरलेली पुढच्या ठोक्यावर ढकलली. पहिल्याच गाण्यात, 'हारु यो कोई'मध्ये, हे स्पष्ट ऐकू येतं. विषय घर सोडून आलेल्या मुलाच्या एकट्या नववर्षाचा, आणि शब्दांची ती ओढाताण त्या विषयाला घट्ट चिकटून बसते.

सोबत गायचं असेल तर गीत देवनागरीत उतरवून घ्या आणि प्रत्येक मात्रेखाली रेघ मारा. 'त्सु' साठी 'चांगला'तला च वापरा, 'झे' साठी 'जवळ'मधला ज. हे दोन्ही उच्चार मराठी माणसाच्या जिभेवर आधीच आहेत, फक्त रोमन लिपीतून वाचायला गेलं की ते बिघडतात.

दुसरा अल्बम, 'काझेमाची रोमान', हा या बँडचा कळस. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी टोकियो खणून काढलं गेलं, ट्रामचे रूळ एकेक करून उखडले गेले. मात्सुमोतो टोकियोच्याच आओयामा भागात वाढलेले. त्यांनी पुसलं गेलेलं ते शहर १२ गाण्यांत उभं केलं. होसोनोंना अमेरिकन गायक जेम्स टेलर ऐकून स्वतःचा खालच्या पट्टीतला शांत आवाज सापडला, तो इथे पूर्ण उमलतो. सुझुकी 'हाना इची मोन्मे'मध्ये पुढे येऊन गातात. बँड जमला तेव्हा ते जेमतेम अठराचे होते. शेवटचं 'आइउएओ' छोटंसं आहे आणि त्यात जपानी वर्णमालेखेरीज काही नाही. तो क्रम आपल्या कानाला ओळखीचा वाटतो, कारण तो संस्कृत वर्णमालेवरूनच, बौद्ध अध्ययनातून, तिकडे गेला.

हा अल्बम शफलवर कधीही लावू नका. 'हाइकारा ब्यूटिफुल' आणि 'आइउएओ' हे तुकडे मागच्यापुढच्या गाण्यांशिवाय निरर्थक वाटतात. फोनच्या स्पीकरवरही ऐकू नका. बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, फोनचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. मग होसोनोंचं बेसवादन जातं आणि उरलेलं संगीत पातळ लागतं. साधे वायरवाले इयरफोनही चालतील. दोन वेगळ्या मास्टरिंगच्या (म्हणजे ध्वनीवर शेवटचा हात वेगळा फिरवलेल्या) प्रतींची तुलना करताना आधी आवाजाची पातळी सारखी करा, नाहीतर जास्त मोठी वाजणारी प्रत उगाच चांगली वाटते. आणि १९७१ च्या सिंगलवरचं 'हाइकारा हाकुची' अल्बमपेक्षा वेगळ्या मांडणीचं आहे. काही संकलनांत तेच असतं.

तिसरा अल्बम लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत झाला. अमेरिकन संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स आणि 'लिटल फीट' या तिथल्या बँडचे वादक सोबत होते. ध्वनी तिघांत सर्वांत स्वच्छ, पण बँड म्हणून सर्वांत विस्कळीत. होसोनोंनी आपल्या गाण्यांचे शब्द स्वतःच लिहिले, म्हणजे मात्सुमोतोंशी जमलेली जोडी इथे दिसतच नाही. ओताकींचा १९७२ मध्ये स्वतंत्र अल्बमही येऊन गेला होता. तरी शेवटचं 'सायोनारा अमेरिका सायोनारा निप्पोन' चुकवू नका: एकच ओळ फिरत राहते आणि पार्क्स यांची मांडणी तिच्याभोवती थरावर थर चढवत जाते. याने सुरुवात मात्र करू नये, आधीचे दोन ऐकल्याशिवाय त्या निरोपाला वजन येत नाही.

पुढे काय ऐकायचं? होसोनोंचा १९७३ चा 'होसोनो हाउस', टोकियोजवळच्या सायामातल्या राहत्या घरी ध्वनिमुद्रित केलेला. सुझुकींचा १९७५ चा 'बँड वॅगन'. आणि ओताकींचा १९८१ चा 'अ लाँग व्हेकेशन', ज्याची जवळजवळ सगळी गीतं मात्सुमोतोंची आहेत. बँड संपल्यावर २१ सप्टेंबर १९७३ ला झालेल्या निरोपाच्या मैफलीचा अल्बमही मिळतो. तो स्टुडिओ अल्बम पाठ झाल्यावर घ्या, त्याआधी नको.