हेम्पच्या शेतातली अर्ध्या दिवसाची सहल: साडेतीन तारे

मुलगी देहरादूनला असते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला अजून आठवडा होता, म्हणून सप्टेंबरअखेर तिच्याकडे गेलो, तर तिनं माझ्यासाठी गढवालातल्या एका हेम्प (धाग्या-बियांसाठी लावतात ती कमी नशेची भांग) शेताची सहल बुक करून ठेवलेली. माणशी १,८०० रुपये. ‘बाबा, तुम्हाला देवळांपेक्षा हे आवडेल,’ म्हणाली. आमच्या मंडळींचं म्हणणं एवढंच की भांगेचं शेत आहे, नुसतं बघून या.

चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत. ‘थोडं चालावं लागेल’ असं सांगितलं होतं, ते निघालं चाळीस मिनिटांची उभी चढण. शेतावर संडास नाही. आणि ‘स्थानिक शेतकऱ्यांशी गप्पा’ म्हणून जे छापलंय त्याला शेवटची वीस मिनिटं दिली, तीही जीपवाला हॉर्न वाजवत असताना. जेवण मात्र झकास. मंडुव्याची भाकरी (मंडुवा म्हणजे आपली नाचणीच) आणि भाजलेल्या भांगबियांची लिंबू पिळलेली चटणी. बियांनी काही चढत नाही, आधीच सांगतो.

गाईड पोरगा हुशार. गेल्या वर्षीची कुजवून वाळवलेली काडी त्यानं हातात दिली. मधोमध मोडली, तर आतलं भेंड टिचकन तुटलं आणि साल हाताशी लोंबत राहिली. ती ओढली तसा हातभर लांब वाख, म्हणजे धागा, निघाला, पिवळसर, ओल्या सुतळीच्या वासाचा. लहानपणी आम्ही अंबाडी ओढ्यात कुजत घालायचो, तिचा वाख असाच निघायचा. फक्त हा दोन्ही हातांनी ओढूनही तुटेना. पूर्वी तिकडे याचंच भंगेला नावाचं जाडंभरडं कापड विणायचे. वानरं-रानडुकरं या पिकाच्या वाटेला जात नाहीत, असंही तिथले लोक सांगतात. आमच्या बागेला असं वरदान असतं तर!

इथपर्यंत सहल चार तारे. पुढे त्यानं नियम सांगायला सुरुवात केली आणि मी वही काढली.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम १४ नुसार धागा आणि बियांसाठी ही लागवड सरकार परवानगीनं करू देऊ शकतं. त्याखाली २०१८ मध्ये उत्तराखंडानं देशात सगळ्यात आधी परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी की नशा आणणारा टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत हवा. वर गेला तर उभं पीक नष्ट करायचं.

मी द्राक्षवाला. निर्यातीच्या प्लॉटवर नमुना घ्यायला लॅबचा माणूस येतो, ते टेन्शन मला पाठ आहे. पण आमच्याकडे औषधाचा अंश थांबलं की उतरतो. आठ दिवस उशीर झाला तर आम्ही मनातून खूषच. इथे उलटं आहे. फूल जसं पक्व होतं तसा टीएचसी चढत जातो. म्हणजे नमुना घेणारा पंधरा दिवस उशिरा आला, तर आज पास होणारं शेत तेव्हा नापास. चूक त्याची, नांगर शेतकऱ्याच्या पिकावर. असा नियम लिहिणाऱ्यानं कधी शेतात उभं राहून लॅबच्या माणसाची वाट पाहिलेली नसणार.

या वीस मिनिटांच्या गप्पांत एक आजी भेटल्या. त्यांची दहा नाली जमीन. नाली म्हणजे आपले दोन गुंठे, तेव्हा अर्धा एकरच धरा. त्या बोटांवर दिवस मोजत होत्या, नमुन्यासाठी फोन केल्याला किती झाले ते. बियाणंही घरचं चालत नाही, कारण पहाडी वाणात टीएचसी जास्त भरतो. शिवाय याचं परागीभवन वाऱ्यावर आणि डोंगरभर जंगली भांग माजलेली, त्यामुळे यंदाचं चांगलं बी राखून ठेवलं तरी पुढच्या वर्षी भरवसा नाही. दरसाल विकतच घ्यायचं. खालच्या अंगाला कंपनीची भाड्यानं घेतलेली सलग पट्टी होती. त्यांच्याकडे बियाणं बाहेरचं आणि तपासायला स्वतःचं यंत्र. एका नमुन्याचा खर्च त्यांना कितीतरी एकरांवर पसरता येतो, आजींना तो दहा नालींवरच बसतो.

गाईड म्हणाला, मग क्षेत्राला मर्यादा घाला. मुलगी मध्येच म्हणाली, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं २०१६ च्या मतदानात गांजा कायदेशीर केल्यावर तसंच ठरवलं होतं, पहिली पाच वर्षं एक एकरापेक्षा मोठा परवाना नाही. पण छोटे परवाने एकानं किती घ्यायचे यावर बंधन घातलं नाही, आणि मोठ्यांनी ते गठ्ठ्यानं घेतले. मला हसू आलं. आमच्याकडे जमिनीला कमाल मर्यादा घातली त्या सीलिंगच्या वेळी काय झालं होतं? भाच्यांच्या, मेव्हण्यांच्या नावावर जमिनी. लोक तर म्हणायचे, बैलाच्याही नावावर केली. मला विचाराल तर मर्यादेआधी नमुन्याची तारीख बांधा. कळवल्यावर ठरल्या दिवसांत कोणी आलं नाही, तर पुढची जोखीम खात्याची. आणि पाच-दहा जणांच्या गटाला मिळून एक परवाना, एक तपासणी.

फोटो टाकल्यापासून गावातले दोघे विचारतायत, बांधावर लावू का. बाबांनो, नको. परवान्याशिवाय लावलं तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे.

बिया खायच्याच असतील तर विकत घ्या, २०२१ पासून अन्न म्हणून विकायला एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) परवानगी आहे. मी पाव किलो आणल्या. मंडळींनी तिळाच्या चटणीत अर्ध्या मिसळल्या आणि विचारल्याशिवाय पाहुण्यांना सांगत नाहीत. सहलीला जायचं तर सप्टेंबरअखेर जा, गुडघे धड असतील तरच, आणि जीपवाल्याला आधीच बजावा की परतीला तासभर उशीर होणार आहे.