आकिरा: मांगा आणि सिनेमा

‘आकिरा’ची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणारा आणि तिच्यावर सिनेमा करणारा माणूस एकच, कात्सुहिरो ओतोमो. मांगा १९८२ ते १९९० चालली. सहा जाडजूड खंड, दोन हजारांहून जास्त पानं. सिनेमा आला १९८८ मध्ये, म्हणजे मूळ कथा पुरी व्हायच्या आधीच, आणि लांबी जेमतेम दोन तास.

सगळ्यात मोठा फरक खुद्द आकिरात आहे, ज्याच्या अफाट शक्तीभोवती ही कथा फिरते. मांगामध्ये तो हाडामांसाचा मुलगा आहे, गप्प, चेहऱ्यावर काही न उमटणारा. सिनेमात त्याचे फक्त जपून ठेवलेले अवशेष मिळतात. मांगामध्ये तिसऱ्या खंडाच्या शेवटी निओ-टोकियो, म्हणजे कथेतलं भविष्यातलं टोकियो, उद्ध्वस्त होतं आणि पुढचे तीन खंड त्या ढिगाऱ्यात अन्नासाठी, सत्तेसाठी झगडणारी माणसं दिसतात. सिनेमाने हा सगळा भाग गाळला. धर्मगुरू मियाको मांगामध्ये कथेचा कणा आहे, अचानक अतींद्रिय शक्ती मिळालेल्या तेत्सुओ या बाइकस्वार पोराला त्या शक्तीचा अर्थ सांगणारी. सिनेमात ती येते आणि जाते. त्यामुळे तिथला तेत्सुओ फार घाईने बिघडतो, असं मला ठामपणे वाटतं.

पण सुरुवातीचा तो बाइकचा पाठलाग! अंधारात दिव्यांच्या रेघा मागे रेंगाळतात आणि गेइनोह यामाशिरोगुमी या जपानी समूहाचं संगीत अंगावर येतं. हे कागदावर नाहीच.

कथा हवी असेल तर मी निःशंकपणे मांगाच सुचवेन. सिनेमा मात्र शक्यतो मोठ्या पडद्यावर, आवाज चांगला असलेल्या ठिकाणीच बघा.