पीसीओएसमध्ये वजन उतरवायचं: भाकरीचं ताट, सोळा तासांचा उपवास, किटो, गोळी की इंजेक्शन?

सांगलीत पीसीओएसचं, म्हणजे बोलण्यातल्या पीसीओडीचं (अंडाशय आणि हार्मोनांचा, पाळी चुकवणारा आजार), निदान घेऊन दवाखान्यातून बाहेर पडलेल्या मुलीच्या हातात बहुधा दोनच गोष्टी असतात: सोनोग्राफीचा कागद आणि "वजन कमी करा, पाळी येईल" एवढा सल्ला. ते कसं, हे मग जो तो सांगतो. जाऊ म्हणते गहू सोड, जिमवाला म्हणतो किटो कर (भाकरी-भात बंद, तूप-पनीर भरपूर), मैत्रीण सोळा तास उपाशी राहते आणि आता आठवड्याला एक टोचायचं इंजेक्शनही आलंय. ह्यातलं कोणाला काय मानवतं ते पाहू.

आधी एक प्रश्न: वजन कमी करायचंच आहे का? आपल्याकडे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, २५ पासून लठ्ठपणा. उंची १५५ सेंटिमीटर असेल तर ५५ किलोपर्यंत ठीक. कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि वजन ह्या हद्दीत असूनही पीसीओएस असतो. अशा मुलीने जेवण तोडलं तर पाळी आणखी लांबते. वजन जास्त असेल तर ध्येय बेताचं ठेवा. ७८ किलोच्या बाईचे ४ ते ८ किलो उतरले, म्हणजे ५ ते १० टक्के, की बऱ्याच जणींची पाळी सुधारायला लागते. लग्नातल्या फोटोइतकं बारीक व्हायची गरज नाही.

दुसरं, रिपोर्ट. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासलेलं असावं, कारण पाळी त्यांच्यामुळेही चुकते. साखर नुसती उपाशीपोटी बघून भागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त दिलं की खरं चित्र दिसतं, उपाशीपोटीची ९२, म्हणजे ठीक, आणि दोन तासांची १६०, म्हणजे वाढलेली, असं पीसीओएसमध्ये होऊ शकतं. पुढची निवड ह्या आकड्यावर बरीच अवलंबून आहे.

घरचं ताट, पण मोजून

पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की ह्या आजारात कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. म्हणून घरात शिजतं तेच थोडं हलवून चालत असेल तर ते पहिलं. ज्या घरात सासूबाई एकाच पातेल्यात सात माणसांचं कालवण करतात, तिथे वेगळा डाएट पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही.

रोजच्या गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी खायच्या, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली जायचं नाही.

सगळ्यात जास्त फसगत भाकरीत होते. "मी पोळी सोडली, आता शाळूची भाकरीच खाते" म्हणणाऱ्या बाईचं वजन हलत नाही आणि तिला कळत नाही का. परातीत पीठ घ्यायच्या आधी ते एकदा वजनकाट्यावर ठेवा. एका पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते. हाताने थापलेल्या, तवाभर भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ जातं. शंभर ग्रॅममागे ज्वारी आणि कणीक दोन्हींत कॅलरी साधारण सारख्याच, सव्वातीनशेच्या आसपास, आणि तंतूही जवळपास तेवढेच. म्हणजे दोन भाकऱ्या खाल्ल्या की साडेचार-पाच पोळ्या झाल्या. भाकरी चांगलीच आहे, तिला लावायला तेल लागत नाही आणि चावून खावी लागते. पण एक, फार तर दीड. गव्हाशी वैर धरायचं कारण नाही, दुधाशीही नाही. पीसीओएस आहे म्हणून हे सोडावंच, असा ठोस पुरावा नाही.

ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग भाकरी किंवा भात, उरलेल्या पाव भागात प्रथिनं. आपलं घोडं इथेच अडतं, कारण आमटी म्हणजे डाळीचं पाणी असतं. घट्ट वरणाची वाटी ६-७ ग्रॅम प्रथिनं देते, एक अंडं ६, कोरडे ३० ग्रॅम सोयाचंक्स १५, शंभर ग्रॅम पनीर १८. हुलग्यात कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त प्रथिनं असतात, पण माडगं पातळ करून गूळ घातला की हिशेब बदलला. दिवसाला ६० ते ७० ग्रॅमचा अंदाज ठेवा.

तेलासाठी चमचे मोजू नका, महिन्याचा डबा मोजा. चार माणसांच्या घरात दोन लिटर संपत असेल तर माणशी रोज १५ ग्रॅम, चार लिटर संपत असेल तर ३०. ह्या फरकातच रोजच्या १३५ कॅलरी बसतात. शेंगदाण्याचा कूट वेगळा धरा, एक चमचा उदार हाताने घातला की पन्नास कॅलरी.

सांगलीची म्हणून काही खास भोकं आहेत. बेदाणा घरचा, ओळखीच्या द्राक्षबागेतला, म्हणून "सुकामेवाच तो" असं म्हणत मूठ भरली जाते. ३० ग्रॅमच्या मुठीत ९० कॅलरी, आणि त्या बहुतेक साखरेच्या. भडंग हलकं वाटतं, पण चुरमुरे लवकर साखर होतात आणि मसाला चिकटतो तो तेलामुळे. गुळाच्या चहात गुळामुळे वजनाच्या दृष्टीने फायदा काहीच नाही. दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी, दिवसात चार घरी चहा झाला की १६०.

ह्या मार्गाची उणी बाजू म्हणजे तो संथ आहे. तीन महिन्यांत चार-पाच किलो. लग्न दोन महिन्यांवर आलेल्या मुलीला हे पटत नाही.

सोळा तासांचा उपवास

दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्या वेळातच खायचं. ह्याने वजन उतरतं, पण उतरतं ते एकूण खाणं कमी होतं म्हणून. घड्याळात वेगळी जादू नाही. ज्यांचा रात्री दहानंतर टीव्हीसमोर डबा उघडतो त्यांना हे सोपं जातं, कारण नियम एकच असतो. ज्यांच्या घरी नवरा साडेनऊला येतो आणि त्याच्याबरोबर जेवायची रीत आहे, त्यांचं आठवड्यात मोडतं. सकाळी साडेसहाची एसटी धरून तासगाव-विट्याहून येणाऱ्या कॉलेजच्या मुलीला बारापर्यंत चक्कर आली तर मधल्या सुट्टीत वडापावच होतो.

आपल्या उपवासाशी ह्याची गल्लत करू नका. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला तंतोतंत लागू पडते: नुसता स्टार्च, वर बटाटा आणि मूठभर कूट. अर्धशिशी, जोराची आम्लपित्ताची तक्रार, किंवा पूर्वी कधी उपाशी राहून मग अधाशासारखं खाण्याची सवय लागली असेल तर हा मार्ग सोडाच. पीसीओएसमध्ये अशा खाण्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर जोरात उतरवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एक दिवसही करू नका.

किटो

पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले म्हणून स्टेटस ठेवतात, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. पुढेही उतरतं, साखरही सुधारते, हे खरं. पण भाकरी, भात, डाळ, उसळ सगळं बंद केल्यावर शाकाहारी घरात पनीर आणि तूपच राहतं. बद्धकोष्ठ होतो, काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढतं. आणि झपाट्याने वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळायला लागतात. पीसीओएसमध्ये भांग आधीच रुंद झालेला असतो, तिथे हे फार लागतं. झपाट्याने उतरलेल्या वजनामागोमाग पित्ताशयात खडेही होतात. दिवस राहण्याची शक्यता असेल तर किटो नको. आमचं मत विचाराल तर ह्या पाचांत हा सगळ्यात शेवटचा.

डब्यातली पावडर आणि "हर्बल" शेक ह्यांवर फार लिहायची गरज नाही. अशा काही उत्पादनांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

मेटफॉर्मिन

ही मुळात मधुमेहातली साखरेची गोळी. हिला वजनाची गोळी समजून घेतलं तर निराशा होते, दोन-तीन किलोंच्या वर सहसा नेत नाही. दोन तासांची साखर वाढलेली, मान आणि काखा काळवंडलेल्या, बीएमआय २५ च्या वर, अशा बाईला ताटाच्या जोडीला ती उपयोगी पडते, पाळीलाही मदत होते. जुलाब आणि मळमळ झाली म्हणून चौथ्या दिवशी सोडून देणाऱ्या पुष्कळ. चूक बहुधा सुरुवातीच्या डोसात असते. ५०० मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणासोबत, एक-दोन आठवड्यांनी पुढचे ५००, असं डॉक्टर वाढवत नेतात. हळूहळू विरघळणारी गोळी पोटाला सोसते. तिचं टरफल शौचात दिसलं तर घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं. वर्षानुवर्षं घेतल्यास बी१२ कमी होतं, शाकाहारी असाल तर ते तपासत राहा. आणि पाळी सुधारली की बीज सुटायला लागतं, तेव्हा "मला थोडीच दिवस जातायत" ह्या भरवशावर राहू नका.

इंजेक्शन

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड, आठवड्याला एकदा टोचायची, भूक कमी करणारी औषधं. वजन उतरवण्यात ह्यांच्या जवळ वरचं काहीच येत नाही. बीएमआय ३० च्या पुढे आहे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत साखर वा रक्तदाब आहे, अशांसाठी ती मुळात आहेत. पाच किलोंसाठी नाहीत. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवतात, घाईने वाढवलं की उलट्या ठरलेल्या. पेन न उघडलेलं असेल तर २ ते ८ अंशांत लागतं, मे महिन्यात औषधाच्या दुकानातून घरी नेताना बर्फाची पिशवी हवी.

तीन गोष्टी लिहून ठेवा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद. टिर्झेपेटाइडमुळे पोटातून घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, सुरू केल्यावर आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोध वापरावा. आणि थांबवलं की बरंचसं वजन परत येतं: सेमाग्लुटाइड सोडलेल्यांच्या अभ्यासात वर्षभरात उतरलेल्याचा दोन तृतीयांश भाग परतला. तेव्हा खर्च महिन्याचा नको, दोन वर्षांचा मांडा. भूक मेल्यामुळे प्रथिनंही सुटतात आणि चरबीबरोबर स्नायू झडतात. इंजेक्शन घेतलं तरी वरचं ताट सुटत नाही.

चालणं सगळ्यांच्या जोडीला

सातारकरांना अजिंक्यताऱ्याची चढण आहे, आपली सांगली सपाट. आमराईत गप्पा मारत घेतलेल्या दोन फेऱ्या मोजू नका. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग हवा. वजन उतरवायचं तर आठवड्याला २५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस ५० मिनिटं. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत उरका. त्यात लागोपाठ नसलेले दोन दिवस ताकदीचे: खुर्चीवर टेकून उठणं १२ वेळा, ओट्यावर हात ठेवून दंड १०, पाच लिटरचा तेलाचा डबा कमरेपर्यंत ओढणं दोन्ही हातांनी १२, असे तीन फेरे. स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून वजन न हलताही ह्याचा उपयोग होतो.

मग कोणी काय घ्यावं

साखर ठीक, बीएमआय २३ ते २७: ताट आणि चालणं, रात्रीचं खाणं सुटत नसेल तर घड्याळ जोडा. दोन तासांची साखर १४० च्या वर: ताट आणि डॉक्टरांशी मेटफॉर्मिनचं बोलणं. बीएमआय ३० च्या पुढे, गुडघे दुखतायत, झोपेत घोरणं आहे, सहा महिने मनापासून करून झालं: इंजेक्शनचा विचार रास्त. सहा महिन्यांत मूल हवं असेल तर इंजेक्शन आणि किटो दोन्ही बाजूला, आणि वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर वजन उतरण्याची वाट बघत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं लांबवू नका.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचानंतर करा. पाळीआधी पाण्याने किलो-दीड किलो सहज वाढतं. कंबर महिन्यातून एकदा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध. पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. तीन महिने झाले आणि वजन, कंबर, तारखा तिन्ही जागच्या जागी असतील तर मार्ग बदला. मात्र ९० दिवस पाळी आली नाही तर आधी घरी गर्भचाचणी आणि मग दवाखाना, डाएट कितीही छान चाललं असलं तरी. गर्भाशयाचं अस्तर आत जाड होत राहतं, त्याला वजनकाट्याशी देणंघेणं नसतं.