इंकस्केप: सोळा पिक्सेलांत तिफण बसवायची तर

छोट्या सॉफ्टवेअर टूलचा लोगो काढायला इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर पुरतं का? पुरतं, आणि फुकट आहे. 2003 साली सोडिपोडी या दुसऱ्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेला हा प्रकल्प 2020 मध्ये 1.0 ला पोचला. एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेघांच्या चित्राची फाइल, ही त्याची घरचीच. अडचण एवढीच की चित्र काय काढायचं हे ते सांगत नाही, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

गिअर, रॉकेट, षटकोन, कोनी कंस. या चौकडीनं डेव्हलपर टूलांचा बाजार भरलाय. कोडच्या आवृत्त्या आणि त्यांच्या फांद्या सांभाळणाऱ्या गिटचा लोगो बघा: तिरपा चौकोन, आत फांदी फुटलेली रेघ. टूल जे करतं तेच चित्रात. हाच न्याय लावला तर एक बिल्ड (चालवायला तयार झालेला प्रोग्रॅम) तीन सर्व्हरांवर टाकणाऱ्या टूलला मराठवाड्यात चित्र शोधत हिंडायला नको. तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, आहे की! वर बी टाकायचं चाडं, त्यातून तीन नळ्या, खाली तीन फण. चाड्यावर मूठ एक, बी तीन ओळींत. तिफण कधी न पाहिलेल्या माणसालाही ‘वर एक, खाली तीन’ कळतं, तेवढं बस झालं. दांडी, जू, बैल सगळं वगळायचं. समोरून दिसते तेवढीच घ्यायची.

कामाला बसताना आधी कागद लहान करा. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून पान 16 बाय 16 पिक्सेल ठेवा, तिथंच 1 पिक्सेलची ग्रिड लावा आणि स्नॅपिंग चालू करा, म्हणजे रेघ ग्रिडला आपोआप चिकटते. फेविकॉन, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरचं चिमुकलं चिन्ह, याच मापात दिसणार आहे. मोठं चित्र काढून मग लहान करणाऱ्यांचा इथंच घात होतो. तिन्ही नळ्यांची जाडी 2, मध्य 3, 8 आणि 13 वर. म्हणजे कडा 2-4, 7-9, 12-14 अशा पूर्ण पिक्सेलवर बसतात, मधे 3 ची फट राहते, दोन्ही बाजूंना 2 ची मोकळीक. जाडी 1 घेऊन रेघ ग्रिडवर ओढली की ती दोन पिक्सेलांत अर्धी-अर्धी सांडते आणि करडी, पुसट दिसते. चाडं म्हणजे 8 रुंदीचं अर्धवर्तुळ, सपाट बाजू वर. ते उलटं ठेवलं तर थेट बाथरूममधला शॉवर होतो. नळ्या तिरप्या फाकवल्या तर कोंबडीचा पाय. म्हणून आडवी पट्टी टाकून नळ्या सरळ खाली सोडा.

मग कंट्रोल-ऑल्ट-सी करून रेघांचे पाथ (भरीव आकार) करा आणि सगळे आकार युनियननं एकजीव करा. पाथ न करता चित्र मोठं केलं तर सेटिंगप्रमाणे कधी जाडी वाढते, कधी 2 वरच अडून बसते. आकारातले बिंदू कमी करणाऱ्या ‘सिम्प्लिफाय’ला हात लावू नका, कोपरे सरकतात.

इंकस्केपची खरी कमाई म्हणजे आयकॉन प्रीव्ह्यू. 16 पासून 128 पर्यंतची मापं शेजारी-शेजारी दिसतात. तिथं फटी बुजल्या तर लोगो नापास, मोठ्या पडद्यावर कितीही देखणा असो. रंग शेवटी. आधी नुसतं काळं चित्र पांढऱ्यावर, मग पांढरं चित्र काळ्यावर बघा. पारदर्शक पीएनजीतला काळा लोगो डार्क थीममध्ये गडप होतो.

एक्स्पोर्ट करताना ‘प्लेन एसव्हीजी’ घ्या, नाहीतर इंकस्केपची स्वतःची टिपणं फाइलीत राहतात. सोबत 32 आणि 512 चे पीएनजी काढा. दोन्ही 16 च्या पटीत, कडा स्वच्छ येतात. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या एक्स्टेन्शनला (जोडणीला) आयकॉन म्हणून एसव्हीजी चालत नाही, किमान 128 चा पीएनजी लागतो.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो छपाईसाठी. इंकस्केपचं काम आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत चालतं, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत केशरी फ्लेक्सवर मळका उतरू शकतो. शिवाय संभाजीनगर काय नि लातूर काय, फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉच असतं. इंकस्केप कोरलड्रॉची सीडीआर फाइल उघडतं, पण त्यात सेव्ह करत नाही. तेव्हा पीडीएफ न्या. टूलचं नाव देवनागरीत असेल तर अक्षरांचेही पाथ करून न्या, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा युनिकोड फॉन्ट नसला की जोडाक्षरांची मोडतोड होते. अक्षरं शाबूत असलेली मूळ फाइल मात्र घरी वेगळी ठेवा. पाथ झाल्यावर साधी वेलांटीही टाइप करून बदलता येत नाही. आणि पूर्ण बॅनर छापण्याआधी वीतभर तुकडा छापून मागा, रंग तिथंच कळतो.