नादारीच्या अर्जाची तयारी करून देणारे बेळगावातील एक वकिली कार्यालय

वडगावात माझ्या धाकट्या भावाचे यंत्रमाग आहेत. सुताचे दर आणि साडीची मागणी यांचा मेळ बसेनासा झाला, एका पतसंस्थेचे कर्ज भागवण्यासाठी दुसरीचे कर्ज घ्यावे लागले, आणि शेवटी नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाने ठरवावे असा, अर्ज करण्यावाचून मार्ग उरला नाही. त्यासाठी आम्ही ज्या वकिलांकडे गेलो त्यांचे काम इतरांना कळावे म्हणून हे लिहीत आहे. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम असल्याने नाव मात्र देत नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी कायदा स्वच्छ सांगितला. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला आहे. साध्या व्यावसायिकाला आजही 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीच जिल्हा न्यायालयात जावे लागते. त्याआधी भेटलेल्या एका सल्लागाराने ‘नवीन सरकारी योजना’ म्हणून आगाऊ रक्कम घेतली होती, त्यामुळे हे स्पष्ट बोलणे आम्हाला फार मोलाचे वाटले.

या कार्यालयाचे खरे काम दिसले ते यादीत. कलम 13 प्रमाणे अर्जात प्रत्येक धनकोचे (ज्याचे देणे आहे त्याचे) नाव, पत्ता आणि रक्कम द्यावी लागते, तसेच सगळ्या मालमत्तेचा तपशील व किंमत. कारकुनांनी लांब वहीत रकाने आखले आणि जुन्या चेकबुकांच्या स्थळप्रती एकेक उलटून, सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशांचे क्रमांकही उतरवून घेतले. कन्नडमधील नोटिसा त्यांनी ओळीओळीने वाचून मराठीत समजावल्या. भिशीचे हप्ते आणि सासऱ्यांकडचे हातउसने वगळावे असे भावाच्या मनात होते. तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, “दादा, यादीत नाव नसेल तर त्यांना नोटीस जाणार नाही, आणि उद्या न्यायालय विचारेल, का लपवलंत?” वहिनींनी गहाण ठेवलेल्या पाटल्यांची पावती त्या दिवशी पहिल्यांदा पिशवीतून बाहेर आली.

न झेपणारी आशा त्यांनी दाखवली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. येळ्ळूरचा प्लॉट पुतण्याच्या नावे करावा असा घरात विचार होता. असे विनामोबदला हस्तांतर झाल्यावर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर नादारी ठरली, तर ते रद्द होऊ शकते, असे सांगून त्यांनी तो तिथेच थांबवला. नादारीतून मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाहीत, सरकारी देणी राहतात, आणि तारण असलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क जात नाही, हेही त्यांनी जामीनदारांना समोर बसवूनच सांगितले. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे यांना जप्तीपासून संरक्षण आहे. परंतु यंत्रमाग त्या हत्यारांत बसतील असे गृहीत धरू नका, हा इशाराही त्यांनी दिला.

उणिवा आहेत आणि त्या सुधारायला हव्यात. टप्प्याटप्प्याने दिलेल्या शुल्काची पावती मागितल्यावरच मिळते. त्याहून वाईट म्हणजे एकाच बाकावर तीन-चार पक्षकार बसलेले असताना कर्जाचे आकडे मोठ्याने वाचले जातात. ज्या गावात भिशीपासून भजनापर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे हे पाहून वहिनींना उठून बाहेर जावे लागले. निदान आडोशाला एक खुर्ची तरी ठेवावी.

वसुलीवाल्यांचे फोन उद्यापासून बंद व्हावेत एवढ्याच अपेक्षेने कोणी येथे जाऊ नये, कारण संपूर्ण यादी हातात आल्याशिवाय ते अर्जाचा मसुदा लिहायलाच घेत नाहीत. जाताना पतसंस्थांची पासबुके, सोन्याच्या पावत्या, घराचा उतारा, आधीचे दावे किंवा हुकूमनामे (न्यायालयाचे निकाल) असल्यास त्यांच्या प्रती, आणि शक्य असल्यास घरातील जे माणूस खर्चाचा हिशेब ठेवते त्यालाच बरोबर न्यावे.