घडीचा चाकू सदोष निघाला: घरी कसावा, परत करावा की वॉरंटीत द्यावा?

नव्या चाकूचे पाते हलते म्हणून लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. दोष कुठे आहे ते आधी पाहा, कारण कोणता मार्ग धरायचा हे त्यावर ठरते.

पाते उघडून डावी-उजवीकडे हलवा. हलत असेल तर बहुधा बिजागरीचा स्क्रू सैल असतो. वर-खाली हलत असेल, तर पाते जिथे टेकते ती खुंटी किंवा लॉक (उघडलेले पाते मिटू न देणारा भाग) मापात बसलेले नाही. स्क्रू कितीही आवळला तरी ते सुधारत नाही. मग लॉक तपासा. बोटे पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून पात्याची पाठ जाड कापडावर दाबा. लॉक सुटले तर लॉकची पट्टी आणि ती पात्याला टेकते ती जागा स्पिरिटने पुसून पुन्हा पाहा. नव्या चाकूत तिथे कारखान्यातले तेल राहिलेले असते. तरीही सुटले, तर तो चाकू वापरू नका. लायनर लॉकची (यात मुठीच्या आतली पट्टी आडवी सरकून पात्यामागे टेकते) पट्टी नव्या चाकूतच सरकत पार पलीकडच्या बाजूला जाऊन टेकत असेल, तर तोही दोषच.

ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूचे पाते पावसाळ्यात घट्ट होते ते लाकूड दमट हवेने फुगल्यामुळे. काही दिवस कोरड्या जागी ठेवा, तक्रारीची गरज नाही.

घरी करण्यासारखे काम एकच: सैल बिजागरी. बहुतेक चाकूंना टी-6 किंवा टी-8 मापाचे टॉर्क्स बिट, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक, लागते. एका वेळी अष्टमांश फेराच आवळा, पाते सहज फिरते का ते पाहा. स्क्रू पुन्हा सुटत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) बारीक थेंब पुरतो. लाल नको, नंतर तो स्क्रू तापवल्याशिवाय सहसा निघत नाही. चाकू पूर्ण खोलला की अनेक कंपन्या वॉरंटी नाकारतात, म्हणून लॉकच्या दोषात स्क्रूला हातच लावू नये.

परत करण्याची मुदत शिल्लक असेल, तर विक्रेता हाच सर्वांत सोपा मार्ग. ऑनलाइन घेतलेल्या चाकूवर ‘नो रिटर्न’ लिहिलेले असले तरी सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ई-कॉमर्स नियम, 2020 तेच सांगतात. पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ‘आम्ही बघतो’ या फोनवरच्या आश्वासनाला किंमत नाही. ईमेल करा, सोबत बिल आणि दोष दिसणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा.

मुदत संपली असेल आणि चाकू महाग असेल, तर कंपनीची वॉरंटी. व्हिक्टोरिनॉक्ससारख्या कंपन्या पोलादी भागांच्या निर्मितीदोषावर आयुष्यभराची हमी देतात. झीज आणि गैरवापर त्यात येत नाही. अडचण येते ती अधिकृत नसलेल्या आयातदाराकडून घेतलेल्या चाकूत. तिथे बिल असूनही इथले सेवा केंद्र हात वर करू शकते आणि परदेशी पाठवणीचा खर्च चाकूच्या किमतीइतका होऊ शकतो. म्हणून खरेदीपूर्वीच विक्रेता अधिकृत आहे का ते पाहा.

दोन्हीकडून उत्तर आले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे, पण आदेश देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सातशे रुपयांच्या चाकूसाठी हेल्पलाइनपर्यंतच थांबावे, असे आमचे मत.

पण लॉक सुटून बोट कापले असेल तर हा हिशेब लागू नाही. अशा वेळी बदली चाकू घेऊन मूळ चाकू परत पाठवू नका. तोच पुरावा आहे. तो आहे तसा, न खोलता, डॉक्टरांच्या कागदांसोबत ठेवा आणि थेट आयोगाकडे जा.